‘बारा सेकंद’ कशाचे? ऑटोकॉलिमेटर, कल आणि विकला

प्रश्न वाळूजहून आला आहे. विचारणारा तरुण एका कारखान्याच्या तपासणी विभागात आहे. मशीनच्या गाईडवे, म्हणजे सरकता भाग ज्यांवरून धावतो त्या वाटा, किती सरळ आहेत याचा अहवाल त्याला मराठीत लिहायचा आहे, कारण तो वाचणारे बहुतेक जण मराठीतून शिकून आयटीआय झालेले आहेत. मोजमाप ऑटोकॉलिमेटरने, म्हणजे अगदी बारीक कोन मोजणाऱ्या यंत्राने घेतलं होतं. त्याने यंत्रासाठी ‘स्वयंसमांतरित्र’ असा शब्द घडवला, तर सगळे हसले. मग नुसतंच ‘१२ सेकंद’ लिहिलं, तर एकाने विचारलं, “सर, बारा सेकंद कायला लागले?” म्हणून त्याचा प्रश्न : यंत्राला काय म्हणावं आणि कोनाच्या या सेकंदाला काय?

हसणाऱ्यांचं काही चुकलं नाही. ‘स्वयं’ म्हटलं की डोक्यात ‘स्वयंचलित’ येतं, आणि नांदेड-परभणीकडे ‘ऑटो’ म्हटलं की तीन चाकं येतात. या यंत्रातला ऑटो दोन्हीपैकी नाही. डोळा लावून, हाताने फिरकी फिरवून वाचायचे ऑटोकॉलिमेटर वर्षानुवर्षं वापरात आहेत. त्यांत आपोआप असं काही घडत नाही. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘स्वतः’, आणि इथे तो ‘स्वतःशीच’ असा घ्यायचा.

कसं ते यंत्राच्या आत पाहिलं की कळतं. भिंगाच्या नाभीपाशी एक बारीक फुली कोरलेली काच असते, तिच्यामागे दिवा. फुलीतून निघालेला प्रकाश भिंगातून बाहेर पडतो तेव्हा त्याचे किरण एकमेकांना समांतर झालेले असतात. समोर गाईडवेवर ठेवलेला आरसा. आरसा किरणांना अगदी काटकोनात असेल तर प्रकाश आल्या वाटेने त्याच भिंगातून परत येतो आणि फुलीची प्रतिमा फुलीवरच बसते. आरसा जरा कलला की प्रतिमा बाजूला सरकते. आडात तोंड घालून हाक मारावी आणि आपलाच आवाज वर यावा, तसा प्रकार. किरण सोडणारं आणि परतलेला किरण पाहणारं भिंग एकच, म्हणून ऑटो.

गंमत अशी की आरसा एक सेकंद, म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग, कलला तर परतणारा किरण दोन सेकंद फिरतो. भिंगाचं नाभीय अंतर ५०० मि.मी. असेल तर एवढ्याने प्रतिमा सुमारे ४.८५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) सरकते. आरसा हातभर दूर असो की चार मीटर, हे सरकणं तेवढंच राहतं. लांब गेल्यावर परत येणारा प्रकाश मात्र कमी होत जातो.

आता ‘कॉलिमेटर’. हा शब्द मुळात वाचनातल्या चुकीतून जन्माला आला आहे. लॅटिनमध्ये एका रेषेत आणणे, नेम धरणे या अर्थाचं क्रियापद होतं ‘कोलिनेआरे’. त्यात ‘लिनेआ’ म्हणजे रेषा. सिसेरोच्या काही आवृत्त्यांत ते ‘कोलिमारे’ असं वाचलं गेलं, खगोलशास्त्रज्ञांनी तसंच उचललं आणि पुढे रूढ झालं. म्हणजे ज्याचा ‘शुद्ध’ मराठी प्रतिशब्द शोधण्यासाठी आपण डोकं खाजवतोय, तो त्यांच्याकडेच उपसंपादकाच्या डुलकीतून आलेला. अशा शब्दाची फोड करून प्रत्येक तुकड्याला संस्कृत तुकडा जोडण्यात मला तरी राम दिसत नाही.

मग ‘कोनमापक’ चालेल का? नाही. तो कंपासपेटीतल्या अर्धगोल प्लास्टिकने कधीच अडवला आहे. ‘सूक्ष्मकोनमापक’ अर्थाने ठीक आहे, पण शॉपफ्लोअरवर तो कोणी उच्चारणार नाही, आणि जो शब्द तोंडात बसत नाही तो कागदावरही टिकत नाही. यंत्राला ऑटोकॉलिमेटरच म्हणा. आपल्या जुन्या ज्योतिषांनी ‘केंद्र’ आणि ‘होरा’ ग्रीकांकडून घेतले तेव्हा त्यांना कमीपणा वाटला नव्हता. ‘दुर्बीण’ फारसीतून आली; तिला आज कोण परकी म्हणेल?

यंत्र मोजतं त्याला मात्र अस्सल मराठी शब्द आहे, आणि तो म्हणजे ‘कल’. भिंत कलते, दिवस कलतो, निकालाच्या दिवशी टीव्हीवर ‘कल हाती येतात’ तेही पारडं कुणीकडे झुकतंय हेच सांगायला. सेलूला आमचं घर बांधताना गवंडी ओळंबा सोडून एक डोळा मिटायचा आणि म्हणायचा, “कल हाय जरासा, काढून टाकू.” त्याचं मोजमाप सुताचं, म्हणजे इंचाचा आठवा भाग, ऑटोकॉलिमेटरचं त्याहून किती तरी बारीक. पण दोघं शोधतात तो कलच. अहवालात ‘कोनीय विचलन’ लिहिलंत तर वाचणारा अडखळेल. ‘कल’ लिहिलंत तर ओळंबा पाहिलेल्या कुणालाही कळेल.

आता खरा पेच, सेकंदाचा. एका अंशाचे ६० मिनिटं, एका मिनिटाचे ६० सेकंद. लॅटिनमध्ये पहिली बारीक वाटणी ती मिनिट आणि दुसरी बारीक वाटणी ती सेकंद. सेकंद म्हणजे नुसतं ‘दुसरी’. वाटणी तासाची असो वा अंशाची, नाव एकच, म्हणून घोटाळा. खुणेनेही सुटत नाही. सेकंदासाठी आकड्यावर दोन तिरप्या रेघा देतात, आणि वर्कशॉपमध्ये तीच खूण इंचाची. बारा सेकंदांचा कल कोणी बारा इंच वाचला तर फोरमन यंत्र सोडून तपासणाऱ्यालाच तपासायला नेईल.

आपल्या पंचांगात हा घोटाळा होत नाही. तिथे काळाला घटी-पळं आणि कोनाला अंश-कला-विकला, अशी दोन वेगळी घराणी आहेत. ६० विकलांची एक कला, ६० कलांचा एक अंश, ३० अंशांची एक रास. सूर्यसिद्धांतापासून हीच उतरंड आहे, आणि ११५० साली सिद्धांतशिरोमणी लिहिणाऱ्या भास्कराचार्यांचीही हीच. (त्यांचं गाव विज्जडविड म्हणजे बीड, असं बीडचे लोक सांगतात. चाळीसगावजवळच्या पाटणवाल्यांना ते मान्य नाही. त्या भांडणात मी पडत नाही.) कलेला तिथे ‘लिप्ता’ असाही शब्द येतो, आणि तोही ग्रीकच!

तेव्हा माझं मत ‘विकला’ला. एक अडचण आहे, ती आधीच सांगतो. “बारा विकला” म्हटल्यावर कोणी तरी “काय विकला, बैल?” असं विचारणारच. विचारू द्या. दोन दिवस हसतील आणि तिसऱ्या दिवशी वापरतील. ‘सेकंद’चा घोटाळा मात्र गुपचूप होतो, त्यावर कोणी हसतही नाही. ज्यांना अगदीच नको असेल त्यांनी ‘कोनसेकंद’ म्हणावं, पण नुसतं सेकंद नको.

व्याकरण सोपं आहे. विकला स्त्रीलिंगी, ‘माला’सारखं अनेकवचनातही रूप तेच : एक विकला, बारा विकला. प्रत्यय लागताना एका विकलेने, बारा विकलांचा. ‘विकले’ असं अनेकवचन करू नका, मग खरंच बाजार भरेल. ‘कल’ पुल्लिंगी : कल किती आहे, कल काढला.

विकला केवढी, हे ऑपरेटरला एकदा सांगाच. पूर्ण वर्तुळात त्या १२,९६,००० असतात. एक मीटर लांबीवर एका विकलेचा कल म्हणजे टोकाशी जवळपास ५ मायक्रॉन. छत्रपती संभाजीनगरहून जालन्याच्या रोखाने दोरी ताणली आणि ती एका विकलेने चुकली, तर जालन्यात ती फूटभराच्या आतच बाजूला पडेल.

जाता जाता एक. पदविकेच्या मेट्रॉलॉजीत, म्हणजे मोजमापाच्या विषयात, याच्याच भावकीतलं ‘अँगल डेकर’ नावाचं यंत्र येतं. ते मिनिटांपर्यंतच्या कामाचं. इंग्रज शिपायांच्या बोलीत ‘डेको’ म्हणजे नजर टाकणे, आणि तो डेको त्यांनी इथल्या ‘देखो’वरून उचलला. डेकर म्हटलं की मला तरी तो ‘देखो’ ऐकू येतो.

तुमच्या अहवालातली ओळ मी अशी लिहीन, बघा बसते का : “ऑटोकॉलिमेटरवर घेतलेलं मोजमाप. ३०० मि.मी.पाशी आरशाचा कल १२ विकला. म्हणजे आरशाच्या बैठकीच्या १०० मि.मी. अंतरावरच्या दोन पायांत सुमारे ६ मायक्रॉनचा चढ. (१ विकला = अंशाचा ३६०० वा भाग.)” कंस पहिल्या पानावर एकदाच द्या.