आधी फरशीवर, मग पडद्यावर

लहान मुलाला कोडिंग शिकवायचंय? लगेच टॅब हातात देऊ नका. फरशीवर खडूने चौकटी आखा, एकीत खेळणं ठेवा आणि तिथपर्यंतचा रस्ता मांडायला मुलाला बाणांची कार्डं द्या. रोबो तुम्ही व्हा, कार्ड सांगेल तेवढंच करायचं, भिंतीला धडकलात तरी (मुलांना तेच जास्त आवडतं!). ‘उजवीकडे वळ’ म्हणजे जागच्या जागी वळणं, पाऊल टाकणं नव्हे. इथे बरीच मुलं अडखळतात. चुकलं तर पहिल्या कार्डापासून पुन्हा चालून दाखवा, चुकीचं कार्ड त्यालाच शोधू द्या. हेच डीबगिंग. तेच कार्ड ओळीने चारदा आलं की त्यावर ‘४ वेळा’ अशी चिठ्ठी लावा, लूप (तीच सूचना पुन्हा पुन्हा) आपोआप कळतो. मग स्क्रॅच ज्युनियर हे कोडिंगचं ॲप: मोफत, ५ ते ७ वर्षांसाठी, ठोकळ्यांवर चित्रं असल्याने वाचता येत नसलं तरी अडत नाही. पायथॉनची (कोड टाइप करावा लागतो अशा भाषेची) घाई तर अजिबात नको.