ग्रीनलंड शार्कचं वय कळतं तरी कसं?

प्रश्न: ग्रीनलंड शार्क चारशे वर्षं जगतो असं वाचलं. हे खरंय का? आणि एवढा जगतो तर त्याला धोका कसला?

उत्तर: बऱ्याच अंशी खरं आहे. बाकी माशांचं वय हाडातल्या वाढीच्या रेघा मोजून काढतात, पण याचा सांगाडा इतका मऊ की रेघाच नसतात, म्हणून 2016 मध्ये शास्त्रज्ञांनी डोळ्याचं भिंग घेतलं. भिंगाचा अगदी मधला भाग पिल्लू आईच्या पोटात असतानाच तयार होतो आणि नंतर बदलत नाही, त्यातला कार्बन-14 (काळाबरोबर ठरावीक वेगाने कमी होत जाणारा किरणोत्सर्गी कार्बन) तपासला की जन्माचा अंदाज लागतो. 28 माद्या तपासल्या, त्यातली सगळ्यात मोठी, पाच मीटरची, साधारण 392 वर्षांची निघाली. अंदाजच हा, 120 वर्षं इकडेतिकडे, पण कमीत कमी धरलं तरी 272 होतात!

आता धोक्याचं. वर्षाला जेमतेम एक सेंटीमीटर वाढणारा हा मासा, मादी वयात यायलाच दीडशेएक वर्षं लागतात, त्यामुळे आधीच जाळ्यात सापडली तर तिची पिल्लं कधी होणारच नाहीत. पूर्वी यकृताच्या तेलासाठी यांना भरपूर मारलं, आता दुसरे मासे पकडायच्या ट्रॉलमध्ये (बोटीमागे ओढायच्या जाळ्यात) आणि लाँगलाइनवर (खूप गळ लावलेल्या लांब दोरीवर) हे फुकट मरतात, मला तर हे फार लागतं. आययूसीएन या जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेच्या धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत तो 'असुरक्षित' आहे. वायव्य अटलांटिकच्या आंतरराष्ट्रीय पाण्यात तो ठेवून घ्यायला बंदी आलीय, पण जाळ्यातच मेलेला परत सोडून काय उपयोग, तो जाळ्यात येणारच नाही हे बघायला हवं.