जुन्या ऑफिस-लॅपटॉपवर कुठलं लिनक्स घालावं? (4 जीबी रॅम, मराठी-कन्नड दोन्ही टायपिंग)

लिनक्स मिंटची एक्सएफसीई (हलक्या डेस्कटॉपची) आवृत्ती घाला. खरं त्याआधी आतली फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी (फिरता भाग नसलेली, वेगवान डिस्क) बसवा. नाहीतर कुठलंही लिनक्स घातलंत तरी आठवड्यात "हे पण स्लोच आहे की" म्हणाल.

तुमच्या प्रश्नातली माहिती अशी: निपाणीतल्या पतसंस्थेत नोकरी, संस्थेनं निकालात काढलेला लॅपटॉप तुम्ही घेतलाय, तिसऱ्या पिढीचा कोर आय-3, 4 जीबी रॅम, 500 जीबीची डिस्क. विंडोज 10 रखडतं. कामं म्हणजे मराठी आणि कन्नड पत्रं, ब्राउझर, छपाई, अधूनमधून टॅली. आणि विचारलंय, "सगळ्यात हलकी, फुकट ओएस कुठली?"

सगळ्यात हलक्या ओएसच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या) मागे लागू नका. मी बेळगावात शहापूर भागात जुने लॅपटॉप दुरुस्त करतो. खानापूर, चिकोडी, संकेश्वर इकडून येणाऱ्या जवळपास प्रत्येकाचा पहिला प्रश्न हाच असतो. 4 जीबीच्या मशिनवर ओएस मेमरीचा थोडाच भाग घेते, उरलेली सगळी ब्राउझर गिळतो. एका टॅबमध्ये बँकेचं पान, दुसऱ्यात व्हॉट्सॲप वेब, तिसऱ्यात 'भूमी' या कर्नाटकाच्या संकेतस्थळावरची पहाणी (इकडचा सातबारा), चौथ्यात महाराष्ट्रातल्या जमिनीचा सातबारा (आपल्याकडे शेत दोन्ही राज्यांत असलेली घरं काय कमी आहेत?) एवढं उघडलं की लुबुंटू (आणखी एक हलकं लिनक्स) आणि मिंट यांच्यातला फरक एखाद्या टॅबएवढा उरतो. त्यासाठी अडचणीची ओएस घेऊन रोज गुगलवर उत्तरं शोधत बसायचं, हे मला पटत नाही.

विंडोज 10 चा मोफत आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. वर्षभराची मुदतवाढ मिळते, पण ती दुखणं पुढं ढकलण्यासारखी आहे. विंडोज 11 अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढंच चालतं आणि त्याला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप लागते. तुमचा लॅपटॉप 2012-13 च्या आसपासचा, म्हणजे तो रस्ता बंदच. मिंटची 22 मालिका उबुंटू 24.04 या लिनक्सवर बेतलेली आहे आणि तिला 2029 पर्यंत अपडेट मिळणार आहेत. तोवर लॅपटॉपच टिकला तर बघू.

आता एसएसडीबद्दल. लॅपटॉप उलटा करा, बॅटरी काढा, मागच्या झाकणाचे स्क्रू सोडवा. डिस्क एका पत्र्याच्या चौकटीत बसवलेली दिसेल. ती बाजूला सरकवली की सॉकेटातून सुटते. चौकटीचे बाजूचे स्क्रू काढून त्याच जागी 2.5 इंची साटा एसएसडी बसवायची. आकार तोच, जोडणी तीच. 240-256 जीबी तुम्हाला भरपूर होईल. झाकण उघडलंच आहे तर रॅमचा दुसरा खाचा रिकामा आहे का तेही बघून घ्या. असेल तर तशीच डीडीआर-3 ची 4 जीबीची जुनी पट्टी टाका. ही रॅम आता कोणी नवीन घेत नाही, त्यामुळे वापरलेली पट्टी दुरुस्तीवाल्याकडे सहज मिळते. हे दोन्ही केलंत तर कुठली ओएस या वादातली अर्धी हवा निघून जाते.

काढलेली जुनी डिस्क मात्र लगेच पुसू नका आणि कुणाला देऊही नका. लॅपटॉप संस्थेचा होता, म्हणजे तिच्यावर सभासदांची खाती, आधारच्या प्रती, काय काय असेल. आधी सचिवांना विचारा, त्यांना हवी ती माहिती काढून द्या आणि "आता पुसायला हरकत नाही" असं लेखी घ्या. बायोसला (लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमला) पासवर्ड असेल तर तोही आत्ताच मागून घ्या, नंतर संस्थेत कुणाच्या लक्षात राहत नाही.

बाकीच्या पर्यायांवर थोडक्यात. लुबुंटू चांगलं आहे, मिंटपेक्षा किंचित हलकं. 4 जीबीच ठेवणार असाल आणि एसएसडीही नको असेल तर तेच घ्या. अँटीएक्स खरोखर हलकं आहे, 1-2 जीबीच्या मशिनला जीवदान देतं, पण त्याचं रूप आणि सेटिंग्ज बघून ऑफिसमधला माणूस बिचकतो. पपी लिनक्स पेनड्राइव्हवरून थेट रॅममध्ये चालतं. बिघडलेल्या मशिनमधून फाइली काढायला मी तेच वापरतो, रोजच्या कामाला मात्र सांगणार नाही. सी-डॅक या सरकारी संस्थेचं बॉस लिनक्स डेबियन या लिनक्सवर आधारलेलं आहे, भारतीय भाषांचा विचार करून केलेलं आहे, नाव घ्यावं असंच आहे. तरी अडलात तर मिंटची उत्तरं नेटवर दहापट सापडतात, म्हणून मिंट.

हा धागा वाचणाऱ्या कुणाकडे याहून जुना, 32 बिटचा लॅपटॉप असेल तर त्याची वाट अरुंद होत चाललीय. ऑगस्ट 2025 मध्ये आलेल्या डेबियन 13 नं 32 बिटवर नव्यानं इन्स्टॉल करायची सोयच काढून टाकली. क्रोमनं लिनक्सवर 32 बिट 2016 लाच सोडलं. तुमचा आय-3 64 बिटचा आहे, तुम्हाला याची चिंता नाही.

आता खरा मुद्दा, दोन लिप्यांचा. पुण्या-मुंबईचे लोक हलकी ओएस सुचवताना हे बघतच नाहीत, कारण त्यांना गरज नाही. आपल्याकडं सभासदाला मराठीत नोटीस जाते आणि निबंधकाच्या कार्यालयाला कन्नडमध्ये पत्र. तुमच्या संस्थेत कन्नड बहुधा नुडीवर आणि मराठी श्रीलिपीवर टाइप होत असणार. ही दोन्ही सॉफ्टवेअर विंडोजसाठी बनलेली, लिनक्सवर ती धरून बसू नका.

त्यांच्याऐवजी असं करा. मिंटच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये भारतीय मांडण्यांच्या यादीत 'कन्नड (कगप, फोनेटिक)' आणि 'मराठी (कगप, फोनेटिक)' अशा दोन नोंदी आहेत. त्या दोन्ही घ्या, इंग्रजी आहेच. कगप म्हणजे कन्नड गणक परिषद, नुडी तयार करणारी संस्था. म्हणजे कन्नड टायपिंगची तुमच्या बोटांची सवय इथं तशीच चालते. त्याहून मजा मराठीची: तीच मांडणी देवनागरीला लावलेली आहे. 'के'ची कळ दाबली की मराठीत क आणि कन्नडमध्ये कन्नडचा क. शिफ्टसकट दाबली की दोन्हीकडं ख. जोडाक्षराला 'एफ'. के, एफ, के दाबलं की क्क, लिपी कुठलीही असो. एकच मांडणी डोक्यात ठेवून दोन्ही भाषा टाइप करता येतात. आपल्या भागातल्या माणसाला याहून सोयीचं मी तरी काही पाहिलेलं नाही. वेगळं काही उतरवून घ्यावं लागत नाही, लिनक्सच्या कीबोर्ड यादीत ते आधीपासून असतं. भाषा बदलायला आल्ट-शिफ्टसारखी जोडी नेमून द्या. ज्यांना इनस्क्रिप्टची (सरकारी प्रमाण मांडणीची) सवय आहे त्यांच्यासाठी इनस्क्रिप्टही आहेच.

जुन्या फाइलींचं मात्र दुखणं आहे. युनिकोडच्या (सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षरांच्या सामाईक पद्धतीच्या) आधीच्या नुडी किंवा श्रीलिपी फॉन्टात टाइप केलेलं पत्र लिब्रेऑफिसमध्ये उघडलंत की इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. फाइल बिघडलेली नसते. त्या फॉन्टांनी कन्नड-मराठीची चित्रं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात, फॉन्ट नाही म्हणून सोंग उघडं पडतं इतकंच. अशा फाइली विंडोज असेतोवर युनिकोडमध्ये बदलून घ्या. निदान वार्षिक अहवाल, पोटनियम, नेहमीच्या नोटिसांचे नमुने एवढं तरी. सगळा गठ्ठा बदलत बसलात तर दिवाळी उजाडेल. बाकीच्यांची पीडीएफ करून ठेवा.

छपाईच्या पत्रात ल आणि श हिंदी वळणाचे दिसले तर मजकूर निवडून लिब्रेऑफिसमध्ये त्याची भाषा मराठी करा. फॉन्टमध्ये मराठी वळण असेल तर अक्षरं आपोआप बदलतात. चौकोन दिसले तर सॉफ्टवेअर मॅनेजरमधून लोहित किंवा नोटो फॉन्ट घ्या, देवनागरी आणि कन्नड दोन्ही.

प्रिंटर कुठला ते तुम्ही लिहिलं नाही, आणि मिंटवर अडलंच तर बहुतेक इथंच अडतं. एचपी लेझरजेट 1020 असेल तर त्याला एचपीच्या एचपीलिप सॉफ्टवेअरबरोबर आणखी एक प्लगइन उतरवावं लागतं, कारण त्या प्रिंटरला चालू करताना दरवेळी संगणकाकडून फर्मवेअर (प्रिंटरच्या आत चालणारा प्रोग्रॅम) लागतं. प्लगइन एकदा घातलं की चालतो. कॅनन एलबीपी 2900 असेल तर सावध, तो स्वतःच्या कॅप्ट भाषेत बोलतो आणि आजच्या लिनक्सवर त्याला बोलतं करायला डोकेफोड करावी लागते. प्रिंट रोजची असेल आणि तोच प्रिंटर असेल तर तेवढ्यासाठी एक विंडोज मशिन राहू द्या. पीडीएफ करून तिकडं पाठवायची, संपलं.

टॅली लिनक्सवर थेट चालत नाही. वाइन (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) लावून ते चालवून दाखवणारे भेटतील, पण संस्थेचे हिशेब अशा जुगाडावर ठेवू नयेत असं माझं मत आहे. टॅली ऑफिसच्या मशिनवरच राहू दे. तिथल्या विंडोजची आवृत्ती प्रो असेल आणि संस्थेची परवानगी असेल तर मिंटमधल्या रेमिना या प्रोग्रॅमनं ऑफिसच्या नेटवर्कवरून त्या मशिनचा पडदा तुमच्या लॅपटॉपवर आणता येतो. अधूनमधूनच्या कामाला ते पुरेल. डिजिटल सहीचा टोकन वापरत असाल तर तो कुठल्या कंपनीचा आहे आणि तिचा लिनक्स ड्रायव्हर आहे का हे आधी पाहा. ओटीपीवर भागणारी कामं फायरफॉक्समध्ये नीट होतात.

हे सगळं तपासायला काहीही पुसावं लागत नाही. 8 जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, मिंटच्या संकेतस्थळावरून एक्सएफसीईची आयएसओ फाइल (इन्स्टॉलची पूर्ण प्रत) उतरवा आणि सध्याच्या विंडोजवर रुफस हा प्रोग्रॅम वापरून ती पेनड्राइव्हवर चढवा. लॅपटॉप सुरू करताना एफ-12 दाबा (एचपी असेल तर एफ-9) आणि पेनड्राइव्ह निवडा. पेनड्राइव्हवरून ते जरा संथ चालेल, त्यावरून वेगाचा अंदाज बांधू नका. वायफाय दिसलं नाही तर घाबरू नका. काही जुन्या लॅपटॉपांतल्या ब्रॉडकॉम कार्डाला वेगळा ड्रायव्हर लागतो. फोन केबलनं जोडून यूएसबी टेथरिंग चालू करा, नेट लगेच मिळेल, मग ड्रायव्हर मॅनेजर उघडा.

वायफाय लागलं, दोन्ही लिपींत चार ओळी टाइप झाल्या, एक पान छापून निघालं, की एसएसडी बसवा आणि त्याच पेनड्राइव्हवरून इन्स्टॉलचं बटण दाबा. "डिस्क पूर्ण पुसायची का" असं विचारेल. नवी कोरी एसएसडी आहे, बिनधास्त हो म्हणा. बॅटरी गेलेली असेल तर तेवढा वेळ लॅपटॉप यूपीएसवर ठेवा, पावसाळ्यात आपल्याकडची वीज काय सांगून जात नाही.