सप्तपदी झाली, नोंदणी राहिली: आता कोणता व्हिसा?

प्रश्न: मी कराडची, वय ३४, शाळेत शिक्षिका आहे. पहिलं लग्न परस्पर संमतीच्या घटस्फोटाने संपलं. हुकूमनाम्याप्रमाणे आठ वर्षांच्या मुलीचा ताबा माझ्याकडे आहे आणि तिच्या वडिलांना महिन्यातून दोन रविवारी भेटीचा हक्क आहे. गेल्या डिसेंबरात न्यू जर्सीतल्या, अमेरिकन नागरिक असलेल्या मराठी गृहस्थांशी माझं दुसरं लग्न झालं. घरच्या घरी, पन्नास माणसांत, पण होम, सप्तपदी, मंगळसूत्र असं सगळं गुरुजींनी रीतसर केलं. हे तीन आठवड्यांत परत गेले आणि नोंदणी राहून गेली. आता एक एजंट म्हणतो, ''नोंदणी नाही म्हणजे कागदोपत्री तुमचं लग्नच झालेलं नाही. के-१, म्हणजे फियान्से व्हिसा, घ्या. मुलगी त्याच अर्जात येईल आणि काम लवकर होईल.'' नणंद म्हणते, पर्यटक व्हिसावर या, इथेच रजिस्टर लग्न करू. मी काय करू?

उत्तर: ताई, एजंटचं एक वाक्य आधी मनातून काढून टाका. तुमचं लग्न झालेलं आहे. कागदावर नसलं तरी कायद्याने झालेलं आहे, आणि व्हिसाचा सगळा विचार तिथूनच सुरू करायला हवा.

हिंदू विवाह कायदा, १९५५ चं कलम ७ सांगतं की वधू किंवा वर यांच्यापैकी एकाच्या रूढीप्रमाणे विधी झाले की विवाह होतो. त्या विधींत सप्तपदी असेल, तर अग्नीसमोर सातवं पाऊल पडताच विवाह पूर्ण आणि बंधनकारक होतो. कलम ८ नोंदणीबद्दल आहे आणि त्यातच स्पष्ट म्हटलंय की नोंद राहिली म्हणून विवाहाच्या वैधतेला बाध येत नाही. नोंदणी हा लग्नाचा पुरावा आहे. लग्न त्याआधीच लागलेलं असतं.

याची दुसरी बाजू सर्वोच्च न्यायालयाने २०२४ च्या एप्रिलमध्ये डॉली राणी विरुद्ध मनीष कुमार चंचल या प्रकरणात मांडली. तिथे प्रमाणपत्र होतं, विधी झालेलेच नव्हते. न्यायालयाने सांगितलं की विधींशिवाय नुसत्या प्रमाणपत्राने हिंदू विवाह होत नाही. परदेशाच्या व्हिसासाठी आधी कागद करून ठेवायचा आणि समारंभ मागाहून, ही चाल वाढल्याचंही न्यायालयाने त्यात नोंदवलं. आपल्याकडे अनेक घरांत हे सर्रास होतं, म्हणून मी तो निकाल मुद्दाम सांगते. तुमचा मामला नेमका उलटा आहे. विधी आहेत, कागद नाही. आणि उलटा आहे म्हणूनच तो सुटण्यासारखा आहे.

अमेरिकेचा इमिग्रेशन विभाग लग्न जिथे लागलं तिथल्या कायद्याने ते वैध आहे का, हे पाहतो. म्हणजे कराडच्या अंगणात लागलेल्या लग्नाला भारतीय कायद्याची फूटपट्टी लागणार. आणि के-१ व्हिसा फक्त अशा जोडप्यासाठी आहे ज्यांचं लग्न व्हायचं आहे. त्यासाठीच्या आय-१२९-एफ अर्जात तुमचे यजमान शपथेवर लिहून देतील की आम्ही दोघं लग्नाला मोकळे आहोत आणि अजून एकमेकांशी लग्न केलेलं नाही. पुढे मुंबईच्या वकिलातीत तुम्हीही तेच सांगाल. तिथले अधिकारी आपल्या लग्नांचे फोटो वर्षानुवर्षं बघत आलेत. अंतरपाट, कन्यादान, सप्तपदी त्यांना कुणी समजावून सांगावी लागत नाही. तुमच्या भावाने टाकलेला एखादा फोटो, एखादी 'लग्नाच्या हार्दिक शुभेच्छा' पुरेशी आहे. मग के-१ नाकारला जाईल, पण तेवढ्यावर थांबेलच असं नाही. व्हिसासाठी जाणूनबुजून खोटी माहिती दिल्याचा ठपका बसला, तर अमेरिकेत प्रवेशाला कायमची बंदी लागते. ती उठवण्यासाठी माफीचा वेगळा अर्ज करावा लागतो आणि नवऱ्यावर अतोनात हाल ओढवतील हे सिद्ध करावं लागतं. नवरा हक्काने नेऊ शकत असताना आपण स्वतःवर ही पाळी का आणायची?

नणंदबाईंचा सल्ला प्रेमापोटी आहे, पण तोही नको. पर्यटक व्हिसा परत येणाऱ्यांसाठी असतो. कायमचं राहायचं मनात ठेवून 'फिरायला चालले' म्हणून सांगणं हीसुद्धा खोटी माहितीच, आणि शिक्षा तीच. शिवाय नवरा तिकडे, मुलगी बरोबर, अशा अवस्थेत मुलाखतीत पर्यटक व्हिसा मिळण्याची शक्यताही फार कमी.

तेव्हा तुमचा रस्ता पत्नीच्या इमिग्रंट व्हिसाचा. त्याला सीआर-१ म्हणतात. यजमानांनी तुमच्यासाठी आय-१३०, म्हणजे जवळच्या नातेवाईकाला बोलावून घेण्याचा अर्ज, भरायचा. अमेरिकन नागरिकाच्या पत्नीला वार्षिक कोट्याची मर्यादा नाही, त्यामुळे रांगेत नंबर लागण्याची वाट बघावी लागत नाही, फक्त प्रक्रियेला लागेल तो वेळ. (यजमानांचा पासपोर्ट खरोखर अमेरिकन आहे ना, एवढं डोळ्यांनी बघा. ग्रीन कार्ड आणि नागरिकत्व यांत आपल्याकडे लोक फार गल्लत करतात. ते ग्रीन कार्डधारक असते, तर तुम्ही एफ-२-ए या कोट्याच्या वर्गात गेला असता आणि माझं उत्तर वेगळं असतं.)

एजंट म्हणतो के-१ लवकर होतो. ज्यांचं लग्न खरोखरच झालेलं नाही त्यांच्यासाठीही हे अर्धंच खरं आहे. त्या वाटेने गेलेल्या वधूला ९० दिवसांत तिकडे लग्न करावं लागतं, मग ग्रीन कार्डसाठी आय-४८५ हा नवा अर्ज आणि एप्रिल २०२४ पासूनच्या दराने त्याचे १,४४० डॉलर. कामाचा परवाना हातात येईपर्यंत नोकरी नाही, आणि परवानगीशिवाय देश सोडला तर तो अर्ज सोडून दिला असं धरलं जातं. इकडे आईला दवाखान्यात ठेवलं तरी झटकन निघता येत नाही. सीआर-१ वर तुम्ही विमानतळावर उतरता त्या क्षणी कायम रहिवासी होता. दुसऱ्या दिवशी नोकरी शोधू शकता, गरज पडली तर कराडला येऊन जाऊ शकता. दोन्ही वाटांना वर्षभर किंवा त्याहून अधिक धरून चालावं. फरक एवढाच की एकीत बरीचशी वाट आपल्या माणसांत बघायची असते आणि दुसरीत परक्या गावी, हातात काम नसताना.

पहिलं काम नोंदणीचं. महाराष्ट्रात १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याखाली विवाह निबंधकाकडे, म्हणजे तुमच्या बाबतीत नगरपालिकेत, ही नोंद होते. मुदत ९० दिवसांची आहे, पण ती उलटली म्हणून दार बंद होत नाही, विलंब शुल्क भरून नोंद करता येते. दोघांना तीन साक्षीदारांसह जावं लागतं आणि अर्जावर लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही लागते, म्हणून यजमानांना एकदा यावंच लागेल. त्यांची रजा ठरली की आधी नगरपालिकेत जाऊन कागदांची यादी घ्या आणि गुरुजी त्या दिवशी गावात आहेत ना, हे विचारून ठेवा. गुरुजी दुसऱ्या लग्नाला गेलेले आणि जावयाचं विमान रात्रीचं, हा प्रसंग मी एकाहून अधिक घरांत पाहिला आहे.

नोंदणीत लग्नाची तारीख डिसेंबरचीच लिहायची. कुणी म्हणेल, 'नव्याने रजिस्टर लग्न करून टाका, स्वच्छ कागद मिळेल.' तसं करू नका. एकाच जोडप्याच्या लग्नाच्या दोन तारखा कागदांवर आल्या की मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येतो. खरी तारीख तुमच्या फायद्याचीही आहे. अमेरिकेत पाऊल ठेवाल त्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील, तर ग्रीन कार्ड सशर्त, दोन वर्षांचं मिळतं आणि ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१ अर्ज करून अट काढावी लागते. दोन वर्षं पूर्ण झालेली असतील, तर तोच व्हिसा आयआर-१ होतो आणि कार्ड थेट दहा वर्षांचं. सगळी प्रक्रिया लांबली तर तुम्ही त्या सीमारेषेच्या आसपास असाल. तेव्हा प्रवासाची तारीख ठरवताना कॅलेंडर समोर ठेवा.

आता मुलीकडे येते, कारण तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी तिची वाटते.

के-१ मध्ये मूल आईच्याच अर्जात येतं, हे एजंटने बरोबर सांगितलं. पण नागरिकाच्या पत्नीच्या अर्जात तसं होत नाही, आणि इथेच फार कुटुंबं फसतात. आईचा व्हिसा हातात येतो आणि मुलाचा अर्जच केलेला नसतो. यजमानांनी मुलीसाठी स्वतंत्र आय-१३० भरायचा, त्याच दिवशी. मूल १८ वर्षांचं होण्याआधी लग्न झालेलं असल्यामुळे ती त्यांची सावत्र मुलगी म्हणून पात्र आहे. एप्रिल २०२४ च्या दराने ऑनलाइन भरलं तर प्रत्येक अर्जाचे ६२५ डॉलर, म्हणजे दोघींचे १,२५०. पुढे प्रत्येकीच्या व्हिसाचे ३२५ डॉलर वेगळे. भरायच्या दिवशीचा दर मात्र सरकारी संकेतस्थळावर पाहून घ्या.

त्याहून मोठा प्रश्न तिच्या वडिलांचा. ताबा तुमच्याकडे आहे याचा अर्थ तिला परदेशी कायमचं नेण्याची मोकळीक आहे असा नव्हे. ज्या हुकूमनाम्याने ताबा दिला त्यानेच दोन रविवारही दिलेत, आणि न्यू जर्सीत गेल्यावर ते रविवार उरत नाहीत. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली न्यायालयाला घटस्फोटानंतरही मुलांबद्दलचे आदेश बदलता येतात. त्याच न्यायालयात अर्ज करा, मुलीला नेण्याची परवानगी मागा आणि भेटीची नवी पद्धत तुम्हीच सुचवा: दर आठवड्याला ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल, उन्हाळ्याच्या सुट्टीत काही आठवडे भारतात, तिकिटाचा खर्च कुणाचा हेही. वडिलांनी संमती दिली तर ती नोटरीसमोर घ्या आणि न्यायालयाच्या आदेशात नोंदवून घ्या. वकिलातीत व्हिसाच्या वेळी हे कागद मागतात. पण मी हे फक्त व्हिसासाठी सांगत नाही. माणूस नवरा म्हणून नको झाला तरी मुलीचा बाप असतो. त्याला अंधारात ठेवून गेलात, तर तो न्यायालयात जाईल आणि तेव्हा तुम्ही सात समुद्रांपलीकडून उत्तरं देत बसाल. हा अर्ज या महिन्यातच दाखल करा. न्यायालयाला लागणारा वेळ तुमच्या हातात नाही, आय-१३० चा निर्णय येईपर्यंतचा काळ मात्र त्यासाठी वापरता येतो.

यजमानांना आर्थिक हमीचं प्रतिज्ञापत्रही द्यावं लागेल, आय-८६४. त्यांच्या घरात ते, तुम्ही आणि मुलगी अशी तीन माणसं धरली, तर २०२५ च्या दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के, म्हणजे वर्षाला साधारण ३३,३०० डॉलर उत्पन्न दाखवावं लागतं. कमी पडलं तर दुसरा जामीनदार चालतो. हे प्रतिज्ञापत्र तुम्ही स्वतःही वाचा. त्यातली जबाबदारी घटस्फोटाने संपत नाही. तुम्ही नागरिक होईपर्यंत, किंवा साधारण दहा वर्षांच्या कामाइतकी नोंद तुमच्या नावावर होईपर्यंत, सामान्यतः ती त्यांच्यावर राहते. आणि देव न करो, पण तिकडे छळ झाला तर सशर्त कार्डाची अट काढण्याचा अर्ज एकटीलाही करता येतो. नवऱ्याच्या सहीवाचून आपण अडकलो, असं कुणी सांगितलं तर मानू नका. तुमचे आणि मुलीचे पासपोर्ट, कार्डं, हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत हे सगळं तुमच्याच ताब्यात असू द्या. एकदा पोळलेल्या बाईला हे सांगताना मला संकोच वाटत नाही.

कागदांतलं एक खास आपलं दुखणं म्हणजे नाव. लग्नानंतर नाव, मधलं नाव, आडनाव सगळं बदलायची घाई असते. व्हिसा हातात येईपर्यंत पासपोर्टवरचं नाव तसंच ठेवा. मुलीच्या जन्मदाखल्यात वडिलांचं नाव आहे ते तसंच राहणार, त्याला हात लावायचा नाही. तुमच्या स्वतःच्या जन्माची नोंद सापडत नसेल तर नगरपालिकेकडून 'नोंद आढळत नाही' असा दाखला घ्या आणि जोडीला शाळा सोडल्याचा दाखला ठेवा. पोलीस पडताळणीचं प्रमाणपत्र पासपोर्ट कार्यालयातून मिळतं, पण ते आत्ता काढू नका, मागतील तेव्हा काढा. वैद्यकीय तपासणी फक्त वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरांकडेच होते. लग्नाची पत्रिका, फोटो, यजमानांच्या त्या प्रवासाची तिकिटं, तुमचे रोजचे निरोप, घरखर्चाला पाठवलेले पैसे हे मात्र आजपासून एका फाइलमध्ये जमवायला लागा. दुसरं लग्न, मुलगी बरोबर आणि तीन आठवड्यांचाच सहवास, म्हणून संसार खरा आहे हे दाखवणारे कागद जितके जास्त तितकं बरं.

शेवटी एजंटबद्दल. त्याच्याकडे के-१ चा अर्ज किंवा कोऱ्या कागदावर सही दिली असेल तर ती परत मागा, आणि यजमानांच्या सहीने काही दाखल झालं आहे का हे लेखी विचारा. दाखल झालं असेल, तर आय-१३० भरण्याआधी तो अर्ज मागे घेतल्याचं पत्र जायला हवं. त्या पत्राचा मजकूर मी पाहून देईन, दाखल झाल्याची तारीख आणि पावती मला कळवा.