पुलावासाठी तमालपत्राऐवजी बे लीफ चालेल का?

चालेल म्हणण्यापेक्षा निभावेल म्हणा. इंग्रजीत दोन्हींना एकच नाव चिकटलंय, पण झाडं वेगळी. तमालपत्र हे दालचिनीचं सख्खं भावंड. पानावर देठापासून टोकाकडे जाणाऱ्या तीन ठळक शिरा आणि वास दालचिनी-लवंगेच्या अंगाचा. बे लीफला मधोमध एकच ठळक शीर, वास निलगिरीकडे झुकणारा. पुलावात तो मला खटकतो. त्यापेक्षा फोडणीत दालचिनीचा पेरभर तुकडा आणि एक लवंग टाका, काम भागतं.

कढीपत्ता संपला असेल तर मात्र खटपट नको. लिंबाची साल सुचवतात खरी, पण त्या वासाला जोड नाही, सरळ वगळा. कसुरी मेथीऐवजी ताजी मेथी मंद आचेवर कोरडी परतून चुरडा, थोडी कडवट लागेल.