बैलाचं कलेवर की सोललेला बैल?

प्रश्न असा आहे: डच चित्रकार रेम्ब्रांटच्या टांगलेल्या बैलाच्या चित्राला मराठीत ‘बैलाचं कलेवर’ म्हणावं का, की कलेवर फक्त माणसाचंच असतं?

जनावराचंही असतं. संस्कृतात कलेवर म्हणजे नुसता देह. गीतेच्या आठव्या अध्यायात अंतकाळी माणूस कलेवर सोडतो, तिथे अर्थ तोच. पुरीच्या जगन्नाथाच्या लाकडी मूर्ती बदलतात त्या विधीचं नाव नवकलेवर. २०१५ साली तो झाला होता. मराठीत मात्र या शब्दातून प्राण गेला. तरी आपण ‘निष्प्राण कलेवर’ लिहितोच, आणि मला त्यात जुन्या अर्थाची खूण दिसते.

तेव्हा ‘कलेवर’ चूक नाही. पण या चित्राला ते लावू नये असं माझं ठाम मत आहे. कलेवर म्हटलं की अख्खा देह डोळ्यांपुढे येतो, नुकताच निपचित पडलेला. १६५५च्या या चित्रात बैलाला मुंडकं नाही, कातडं नाही. मागचे पाय फाकवून लाकडी चौकटीला वर बांधलेत. चरबीचा पिवळा आणि मांसाचा लाल रंग इतका जाड लावलाय की बोट ठेवलं तर ओलं होईल असं वाटतं. आणि मागच्या दारातून एक बाई डोकावतेय. तिच्या जिवंत चेहऱ्यामुळेच ते मांस अंगावर येतं. खाटकाच्या दुकानात आपण ‘सोललेला बकरा’ म्हणतो ना? चित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे आणि त्याच्या फ्रेंच नावाचा अर्थही ‘सोललेला बैल’ असाच. तेच ठेवा. ‘पार्थिव’ तर नकोच; त्याने सगळं सोवळं होऊन जाईल.

अमेरिकन चित्रकार जॉर्जिया ओकीफच्या हाडांच्या चित्रांना मात्र यातला कुठलाच शब्द चालणार नाही. न्यू मेक्सिकोच्या वाळवंटातली हाडं तिने पिंपात भरून न्यूयॉर्कला नेली आणि १९३१मध्ये लाल, पांढऱ्या, निळ्या पट्ट्यांवर गाईची कवटी रंगवली. ‘कवटी’ने स्मशान आठवतं खरं, पण ‘शिंगांसकट गाईची कवटी’ म्हटलं की ते मागे पडतं. ‘सांगाडा’ किंवा ‘सापळा’ सगळी हाडं जागच्या जागी असतील तेव्हाच. आणि ‘अवशेष’ टाळा. ही हाडं तिला हिंडत्याफिरत्या जनावरांहून जिवंत वाटत; उरलंसुरलं काही ती रंगवत नव्हती.