बाईकने परदेशात फिरताना रस्ता चुकण्यात खरंच मजा असते, की लोक उगाच सांगतात?

तुम्ही विचारलंय की बायकोला मागे बसवून उत्तर थायलंडला बाईकने फिरायचंय, रस्ता चुकू नये म्हणून कोणतं अ‍ॅप घ्यावं, आणि 'हरवण्यातच मजा आहे' म्हणणारे खरं बोलतात का; बायकोला हरवायची भीती वाटते. अ‍ॅप कुठलंही घ्या, त्या डोंगरांत सगळीच गंडतात. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला द्यायचंच आहे, कारण आमच्या घरात त्यावरून अजून भांडण चालू आहे.

मजा असते. पण हरवलोय हे कबूल करणाऱ्यालाच ती मिळते. 'आपण बरोबरच चाललोय' असं शेवटपर्यंत म्हणत राहिलात तर फक्त कंबर दुखते.

मी नाशिकची, पन्नाशी ओलांडलेली. आमच्याकडे गाडी मी चालवते आणि नवरा मागे बसतो. तो जमीनमोजणीतला माणूस, सगळी नोकरी लोकांचे बांध मोजण्यात गेली. त्याच्या हातात नकाशा असला की तो कधीच चुकत नाही, जमीन चुकते.

नोव्हेंबर होता. चियांग माईहून भाड्याची होंडा घेतली आणि चोम थोंगवरून दोई इन्थानोन चढलो. २,५६५ मीटर, थायलंडमधला सगळ्यात उंच डोंगर; वर दात वाजत होते. तिथून ११९२ नंबरचा अरुंद, तीव्र उताराचा रस्ता मे चॅम गावाला उतरतो. रात्री तिथे मुक्काम. दुसऱ्या दिवशी १०८८ ने उत्तरेला जायचं, मग १२६३ पकडून पश्चिमेला खुन युअम गाव. वाटेत दोई मे ऊ खोवर बुआ तोंगची पिवळी फुलं डोंगरभर फुललेली असतात. ती नोव्हेंबरातच बघायची, म्हणून तर तारखा तशा धरल्या होत्या. अंतर शंभरेक किलोमीटर. दुपारच्या जेवणाला पोचू असा नवऱ्याचा हिशेब.

१२६३ चा फाटा यायच्या आधीच एका ठिकाणी फोन म्हणाला डावीकडे, जवळचा रस्ता. नवऱ्याने माझ्या डाव्या खांद्यावर थाप मारली (ही आमची खूण, हेल्मेटमधून ओरडून काही ऐकू येत नाही). वळले. आधी गावाकडचा काँक्रीटचा चिंचोळा रस्ता, मग तांबडी माती, मग मातीत ट्रकच्या चाकांच्या चाऱ्या. दोन्ही बाजूंना काढणी झालेल्या मक्याचे बोडके डोंगर. हमरस्त्यावर इंग्रजी पाट्या असतात, आत शिरलं की फक्त थाई. फोनवर निळा ठिपका हिरव्या पडद्यावर एकटाच, खाली रस्त्याची रेघसुद्धा नाही. मागून आवाज आला, "अगं चल, बरोबर आहे, रस्त्याचं काम चालू असेल."

पुढे मातीच्याच दोन वाटा फुटल्या तिथे मी इंजिन बंद केलं. म्हटलं, "अहो, आपण हरवलोय." तो म्हणाला, "हरवलो नाही, रेंज नाहीये," आणि फोन उंच धरून वरच्या टेकाडावर चढायला लागला.

आणि मला खालून धप्प, धप्प ऐकू आलं. तो आवाज ओळखायला मला अ‍ॅप लागत नाही, माझं माहेर घोटीजवळचं. कुणीतरी भात झोडत होतं.

खाचरात कारेन या डोंगरी जमातीची सात-आठ माणसं होती, बायका जास्त. आपण पेंढी हातात धरून फळीवर झोडतो. त्यांच्याकडे दोन दांडकी दोरीने जोडलेली असतात. त्या दोरीत पेंढी आवळायची, डोक्यावरून फिरवायची आणि आपटायची. मी बूट काढले, जॅकेट बांधावर टाकलं आणि हात पुढे केला. पहिल्या फटक्याला पेंढी सुटून भलतीकडे गेली. हसून हसून त्या बायका खाली बसल्या. मग एका म्हातारीने मागे उभं राहून माझी मनगटं धरली आणि दोरीला पीळ कसा द्यायचा ते दाखवलं. तिला थाईसुद्धा बेताचीच येत असावी, मला तर कारेनही नाही आणि थाईही नाही. काही अडलं नाही. पाचव्या-सहाव्या पेंढीला तीच म्हातारी माझ्या नावाने पुढची पेंढी आवळून तयार ठेवत होती. आमच्या आईच्या खळ्यावर मला एवढं कुणी विचारलं नव्हतं.

जेवण केळीच्या पानावर: नवा भात, उकडलेला भोपळा आणि मिरचीचं वाटण. वाटण ठेच्याला भारी पडेल असं. नवरा टेकाडावरून उतरला तोवर माझं अर्धं जेवून झालं होतं. त्याने त्यातल्या एका काकांना फोन दाखवला. काकांनी फोनकडे बघितलंही नाही, काडी घेऊन मातीत रस्ता काढायला लागले. नवरा मला हळूच म्हणतो, "यांची उत्तर चुकीच्या दिशेला आहे."

शेवटी एक पोरगा होंडा वेव्हवर पुढे झाला आणि आम्ही त्याच्या मागे. पैसे देऊ केले तर हात मागे बांधून उभा राहिला. त्याने आणून सोडलं ते १०८८ वर. आणि इथे नीट लक्ष द्या, कारण याच मुद्द्यावर आमचं भांडण आहे. ज्या फाट्याने आत शिरलो त्याच्याही मागे, मे चॅमच्या बाजूला, आम्ही बाहेर पडलो. सकाळी ओलांडलेला तोच पूल पुन्हा ओलांडला. नवरा आजही पाहुण्यांना सांगतो, "आम्ही जरा आतून वळसा घालून गेलो." पुढे जायला निघालेला माणूस मागे बाहेर पडला तर त्याला वळसा म्हणतात का, तुम्हीच सांगा. फुलं दुसऱ्या दिवशी बघितली. छान होती. त्यांचे फोटो आहेत, भाताचा एकही नाही, कारण फोन टेकाडावर होता.

म्हणून वीस-वीस बाईकच्या तांड्यात, पुढे मार्शल आणि मागे सामानाची व्हॅन घेऊन फिरणाऱ्यांचं मला कौतुक वाटत नाही. पाई गावाला जाणाऱ्या घाटातल्या ७६२ वळणांचा टी-शर्ट घ्यायचा, पुढे मे होंग सोन शहरात १,८६४ वळणांचं प्रमाणपत्र घ्यायचं, आणि वळणं सोडून काही बघायचं नाही. हौस त्यांची, पैसे त्यांचे.

आता तुमच्या बायकोला भीती वाटते त्याबद्दल. भीती हरवण्याची नसते, अंधाराची आणि रिकाम्या टाकीची असते. टाकी निम्मी झाली की भरा. गावातल्या दुकानांबाहेर दारूच्या बाटल्यांत पेट्रोल ठेवलेलं असतं, थोडं महाग पडतं, घ्या. नोव्हेंबरात सहाच्या आत अंधार पडतो, तेव्हा चारनंतर अनोळखी फाट्याला वळू नका. पावसाळ्यात त्या तांबड्या मातीत अजिबात शिरू नका, आमची मजा कोरड्या मातीवरची होती. फेब्रुवारी ते एप्रिल रानं जाळतात, धुरात डोंगर दिसत नाहीत, तेव्हा जाऊच नका. आणि म्यानमारच्या सीमेलगतच्या कच्च्या वाटांवर हरवणं ही मजा नव्हे. तिकडे चौक्या असतात, पासपोर्ट जवळ लागतो, आणि 'हौस म्हणून आलो' हे उत्तर कुणाला पटत नाही.

आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा, त्यावर मोटारसायकलचा शिक्का आहे ना ते बघा. थायलंडमध्ये तो चालतो. तोच घेऊन पुढे व्हिएतनामला जायचा विचार असेल तर थांबा: आपला परवाना रस्ता वाहतुकीच्या १९४९ च्या आंतरराष्ट्रीय करारातला, त्यांना १९६८ च्या करारातला लागतो. विम्याच्या कागदात बाईक वगळलेली असते का तेही वाचा, बहुतेक वेळा असते.

भाड्याचं दुकान पासपोर्ट ठेवून घ्यायला मागेल. देऊ नका, रोख डिपॉझिट ठेवा, आणि पावती बायकोकडे द्या.